"घोडे आणि संगिनी"वाली डिबेट: बघणाऱ्यांना नक्की काय वाटलं होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर चार वर्षांनी अमेरिकेत इलेक्शनचं वारं सुटलं की आमच्या नातेवाइकांत आणि मित्रमंडळीत कुणीतरी तो ओबामा-रॉम्नीचा घोडे-संगिनीवाला व्हिडिओ उकरून काढतंच (संगीन म्हणजे बंदुकीच्या टोकाला लावतात ते पातं). मग मला तेच तेच प्रश्न येतात, कारण २०१२ मध्ये मी न्यू जर्सीत होतो आणि ती डिबेट पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत बघितलेला आमच्यातला बहुतेक मी एकटाच. तर एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पुढे सरकवणार.

ही नक्की कुठली डिबेट?

२२ ऑक्टोबर २०१२, सोमवारची रात्र. फ्लोरिडातल्या बोका रॅटनची लिन युनिव्हर्सिटी. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष, डेमोक्रॅट बराक ओबामा विरुद्ध रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी, तिसरी आणि शेवटची, विषय फक्त परराष्ट्र धोरण. सूत्रधार सीबीएस चॅनेलचे बॉब शीफर, म्हणजे एकदम मुरलेले पत्रकार, आवाज आपल्या जुन्या हेडमास्तरांसारखा. पोडियम नव्हते, तिघं एका टेबलाशी बसलेले. शीफरनी सुरुवातीलाच सांगितलं की बरोब्बर ५० वर्षांपूर्वी याच रात्री राष्ट्राध्यक्ष केनेडींनी क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांची बातमी देशाला दिली होती. वातावरण असं गंभीर झालं आणि तासाभराच्या आत लोक घोड्यांचे फोटो शेअर करत होते.

भारतात कुणी बघितली होती का?

बघितली की, पण वेळ बघा. तिकडे रात्रीचे नऊ म्हणजे इकडे मंगळवारी सकाळचे साडेसहा. त्यात दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे तो दिवस खंडेनवमीचा. आमच्या बाबांनी साताऱ्याला सीएनएन लावून ठेवलं होतं आणि समोर पाटावर विळी, कोयता, दोन स्क्रूड्रायव्हर आणि आजोबांचा गंजका पाना मांडून हळदकुंकू वाहत होते. मी स्काइपवर. आई मागून ओरडतेय की आधी ती विळी मोकळी करा मला भाजी चिरायचीय, आणि बरोब्बर त्याच वेळी ओबामा म्हणाले की आता आपल्याकडे घोडे आणि संगिनीही कमी आहेत. बाबा म्हणाले, "अरे त्यांना सांग, आमच्याकडे अजून पूजा होते."

जागतिक प्रेक्षक-प्रतिक्रिया म्हणून मला अजूनही हीच सगळ्यात आवडते.

किती लोकांनी बघितली?

अमेरिकेत टीव्हीवर ५ कोटी ९२ लाख, हा टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीचा आकडा. पहिली डिबेट ६ कोटी ७२ लाखांनी बघितलेली, दुसरी ६ कोटी ५६ लाखांनी, म्हणजे तिसरीला गर्दी थोडी ओसरली. परराष्ट्र धोरण म्हटलं की लोक कंटाळतात हे एक कारण आहेच, पण त्या रात्री शिकागो आणि डेट्रॉइटची फुटबॉल मॅच होती आणि वर बेसबॉलमध्ये सॅन फ्रान्सिस्को विरुद्ध सेंट लुइसची करो या मरो सातवी मॅच. समजा आपल्याकडे भारत-पाकिस्तान मॅच चालू आहे आणि दुसऱ्या चॅनेलवर पंतप्रधानपदाचे उमेदवार इराणवर बोलतायत, तुम्ही काय लावाल? उत्तर मला नका देऊ.

ते घोडे आणि संगिनी प्रकरण नक्की काय होतं?

रॉम्नी म्हणाले की आपलं नौदल १९१७ नंतर कधी नव्हतं एवढं लहान झालंय, नेव्हीला ३१३ जहाजं पाहिजेत आणि आहेत २८५ पेक्षा कमी. हा मुद्दा ते प्रचारात आधीपासून मांडत होते, त्यामुळे समोरच्याकडे उत्तर घासूनपुसून तयार होतं. ओबामा म्हणाले, गव्हर्नर, तुम्ही म्हणताय १९१६ पेक्षा जहाजं कमी आहेत, तर आपल्याकडे घोडे आणि संगिनीपण कमी आहेत, कारण सैन्याचं स्वरूप बदललंय. आता एअरक्राफ्ट कॅरियर नावाची गोष्ट असते, तिच्यावर विमानं उतरतात, पाण्याखालून जाणाऱ्या बोटी असतात, त्यांना न्यूक्लियर सबमरीन म्हणतात. हा काही जहाजं मोजायचा बैठा खेळ नाही.

आता हे कागदावर वाचून एवढं काही वाटत नाही, पण बोलायचा टोन बघितला पाहिजे, पहिलीतल्या पोराला समजावतात तसा. ट्विटरवर त्या एका मिनिटात लाखाच्या वर ट्वीट पडले, त्या रात्रीतला सगळ्यात मोठा उसळलेला क्षण तोच. काही मिनिटांत त्या नावाचं टम्बलर पान निघालं, घोड्यावर बसलेल्या ओबामांचे फोटो आले. माझा रूममेट तोपर्यंत लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत होता, तो फक्त हे काय चाललंय बघायला सोफ्यावर येऊन बसला आणि शेवटपर्यंत उठला नाही.

पण तो जोक चांगला होता की उर्मट?

इथेच खरं घोडं पेंड खातं. ओबामांच्या बाजूच्यांना वाटलं षटकार. रॉम्नीच्या बाजूच्यांना वाटलं राष्ट्राध्यक्षाला शोभत नाही. आणि नौदलवाली गावं आहेत, व्हर्जिनियात नॉरफोकच्या आसपास, जिथे जहाज बांधण्यावर घरं चालतात, तिथे जहाजांची संख्या हा जोकचा विषयच नाही, तिथे ते पोटापाण्याचं आहे. शिवाय व्हर्जिनिया तेव्हा स्विंग स्टेट, म्हणजे कुठल्याही बाजूला झुकू शकणारं राज्य. त्यामुळे त्या रात्री बऱ्याच विश्लेषकांनी म्हटलं की टाळ्या मिळाल्या पण तिथली मतं गेली असतील. प्रत्यक्षात व्हर्जिनिया ओबामांनीच जिंकलं. अर्थात त्याला दहा कारणं आहेत, जोकमुळे जिंकलं असं कुणी म्हणू नये आणि जोक असूनही जिंकलं असंही म्हणू नये.

संगिनीचं गणित तरी बरोबर होतं का?

घोड्यांचं बरोबर, संगिनींचं वादग्रस्त. मरीन्सना, म्हणजे अमेरिकेच्या सागरी सैनिकांना, संगीन तेव्हाही मिळायची, तिचं ट्रेनिंगही व्हायचं, आर्मीने मात्र २०१० मध्ये बेसिक ट्रेनिंगमधून संगिनीचा हल्ला काढून टाकला होता. डिबेट संपायच्या आत माजी मरीन लोक आपापल्या संगिनींचे फोटो टाकायला लागले. आणि घोड्यांबद्दलही एक गंमत, २००१ मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकेचे स्पेशल फोर्सेस खरोखर घोड्यांवर बसून लढले होते. म्हणजे जोक पूर्ण निर्दोष नव्हता, पण जोकला फॅक्टचेक लावणारा माणूस लग्नात जेवणाच्या पंगतीत कॅलरी मोजणाऱ्यासारखा असतो, बरोबर असतो पण शेजारी कुणी बसत नाही.

मग जिंकलं कोण?

बघणाऱ्यांच्या मते ओबामा. सीएनएनच्या पोलमध्ये ४८ विरुद्ध ४०. सीबीएसने फक्त कुंपणावरच्या मतदारांना विचारलं तर ओबामा ५३, रॉम्नी २३, आणि २४ टक्के म्हणाले बरोबरी. गॅलप या सर्व्हे कंपनीने नंतर विचारलं तेव्हा ५६ विरुद्ध ३३.

पण यांच्या शेजारी पहिल्या डिबेटचे आकडे ठेवा. डेन्व्हरला ३ ऑक्टोबरला रॉम्नी सीएनएनमध्ये ६७ विरुद्ध २५ ने जिंकले होते, गॅलपमध्ये ७२ विरुद्ध २०. ती खरी धुलाई होती. ओबामा मान खाली घालून नोट्स काढत बसले होते आणि आमच्याकडच्या ओबामाभक्त काकू फोनवर अक्षरशः रडायच्या बाकी होत्या. बोका रॅटनला आले तेव्हा ओबामा जास्तच आक्रमक होते ते त्यामुळेच.

एकच डिबेट, मग पोलमध्ये एवढा फरक कसा?

कारण प्रश्न एकच असला तरी विचारला वेगवेगळ्या लोकांना. सीएनएन आधीच काही लोकांना फोन करून ठेवतं, तुम्ही डिबेट बघणार का, नंतर आम्ही फोन केला तर बोलाल का, आणि मग संपल्यावर त्यांनाच फोन. म्हणजे यात पक्के डेमोक्रॅट, पक्के रिपब्लिकन सगळे आले आणि ते आपापल्या माणसाला जिंकवणारच, मामाने भाच्याला नाचाच्या स्पर्धेत मार्क दिल्यासारखं. सीबीएसने पक्के लोक बाजूला काढले, म्हणून तिथे अंतर मोठं दिसलं. पब्लिक पॉलिसी पोलिंगने स्विंग स्टेट्समधल्या बघणाऱ्यांना विचारलं, तिथे ५३ विरुद्ध ४२. आणि सीएनएनच्या आकड्यात चूक साडेचार टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे, ते तर ते स्वतःच सांगतात, आपण ऐकत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे सगळे पोल बघणाऱ्यांचे. सातवी मॅच बघत बसलेल्याचं मत यात कुठेच नाही, आणि मतदान तोही करतो.

पोलमध्ये जिंकले म्हणजे मतं वाढली, असं ना?

नाही ना! हा आकडा कुणी शेअर करत नाही म्हणून मी मुद्दाम सांगतो. त्याच सीएनएनच्या पोलमध्ये विचारलं, या डिबेटमुळे तुमचं मत कुणाकडे झुकलं? २४ टक्के म्हणाले ओबामा, २५ टक्के म्हणाले रॉम्नी, आणि साधारण निम्मे म्हणाले काही फरक नाही पडला. म्हणजे डिबेट कोण जिंकलं यात आठ टक्क्यांची आघाडी आणि मतांमध्ये शून्य.

अजून एक. कमांडर-इन-चीफचं, म्हणजे सरसेनापतीचं काम जमेल का विचारलं तर ओबामांना ६३ टक्के हो म्हणाले आणि रॉम्नींना ६०. माझ्या मते त्या रात्रीचा सगळ्यात बोलका आकडा हाच. रॉम्नींना वादात जिंकायचंच नव्हतं, त्यांना फक्त हा माणूस अणुबॉम्बच्या बटणाजवळ बसला तर घाबरायला नको एवढं सिद्ध करायचं होतं, आणि ते त्यांनी केलं. मुलगी बघायला गेलेला मुलगा जसा कमी बोलतो, सगळ्याला हो हो म्हणतो, तसं.

म्हणूनच रॉम्नी सारखे मम म्हणत होते का?

हेच तर सगळ्यांच्या लक्षात आलं. ड्रोन हल्ले? राष्ट्राध्यक्षांशी सहमत. अफगाणिस्तानातून २०१४ अखेर बाहेर पडायचं? पडायचं. सीरियात सैन्य? नाही पाठवायचं. पूजेला बसलेल्या यजमानासारखं गुरुजींनी मंत्र म्हणायचा आणि यांनी मम म्हणायचं. डेमोक्रॅट लोकांनी रात्रभर चेष्टा केली की रॉम्नी ओबामांनाच मत देणार बहुतेक.

रॉम्नींचं एक वाक्य मात्र मला तेव्हाही आवडलं होतं, की नुसतं मारत सुटून या गोंधळातून बाहेर पडता येणार नाही. रिपब्लिकन उमेदवाराच्या तोंडी हे ऐकून मी रूममेटकडे बघितलं, रूममेटने माझ्याकडे.

त्यांचे समर्थक खूश होते?

अजिबात नाही, निदान बरेचसे. ११ सप्टेंबर २०१२ ला लिबियात बेनगाझीला अमेरिकेच्या राजदूतासह चार अमेरिकन मारले गेले होते आणि डिबेट आली तेव्हा त्याला जेमतेम सहा आठवडे झाले होते. त्यांच्या बाजूचे लोक अक्षरशः दबा धरून बसलेले की आज आपला माणूस यावर धरणार. शीफरनी पहिलाच प्रश्न लिबियाचा टाकला, बॅटवर फुलटॉस. आणि रॉम्नींनी तो सोडला, मध्यपूर्वेवर इकडचं तिकडचं बोलून पुढे गेले. दुसऱ्या डिबेटमध्ये याच विषयावर तोंडघशी पडले होते, त्यामुळे हात पोळलेला माणूस, ताकही फुंकून प्यायला. माझ्या ऑफिसातला एक रिपब्लिकन सहकारी दुसऱ्या दिवशी कॉफी मशीनपाशी एवढंच म्हणाला की आमचा माणूस प्रिव्हेंट डिफेन्स खेळला. मला फुटबॉल कळत नाही म्हणून मी नुसती मान हलवली, नंतर शोधल्यावर कळलं की शेवटच्या ओव्हर्समध्ये नऊ फील्डर बाउंड्रीला लावतात ना, तसं.

लोक मुद्दे बघतात की चेहरे?

चेहरे. माफ करा पण चेहरेच.

बोका रॅटनला दोघं बसलेले असल्यामुळे स्क्रीनचे दोन भाग आणि सतत दोन चेहरे. रॉम्नी बोलताना ओबामा त्यांच्याकडे असे टक लावून बघत होते की त्याच नजरेवर लोकांनी पन्नास जोक केले. रॉम्नींच्या ओठावरचा घाम लोकांनी झूम करून दाखवला. चीनच्या चलनाबद्दल त्या वेळी काय चाललं होतं हे विचारा, कुणालाही आठवणार नाही. (रॉम्नी म्हणत होते की पहिल्याच दिवशी चीनला करन्सी मॅनिप्युलेटर, म्हणजे चलनाच्या भावात मुद्दाम ढवळाढवळ करणारा देश, जाहीर करणार.)

हे २०१२ चंच नाही. २००४ ला ३० सप्टेंबरला कोरल गेबल्सला राष्ट्राध्यक्ष बुश आणि डेमोक्रॅट उमेदवार केरी यांची पहिली डिबेट, तीपण परराष्ट्र धोरणावरच, मुद्दा इराक. नियम असा ठरला होता की एक बोलताना दुसऱ्याचा चेहरा दाखवायचा नाही. चॅनेलवाल्यांनी तो नियम कचऱ्यात टाकला आणि केरी बोलत असताना बुश कपाळाला आठ्या घालतायत, उसासे टाकतायत हे सगळ्या देशाने बघितलं. गॅलपमध्ये केरी ५३ विरुद्ध ३७ ने जिंकले. त्यातलंच बुश यांचं "ते पोलंडला विसरले" हे वाक्य आठवतं का? इराकमध्ये सोबत कोण कोण आलं याची यादी चालली होती त्यात ते म्हणाले, आणि पुढे वर्षानुवर्षं लोक कशालाही "पोलंडला विसरलात" म्हणत सुटले. निवडणूक बुशच जिंकले, हेही लक्षात ठेवा.

२००८ ला ऑक्सफर्ड, मिसिसिपीला रिपब्लिकन उमेदवार मॅकेन पूर्ण वेळ ओबामांकडे बघतच नव्हते आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते तेवढंच. ती डिबेटपण परराष्ट्र धोरणाची म्हणून ठरलेली, पण मध्येच बँका बुडायला लागल्या आणि सुरुवातीचा बराच वेळ त्याच्यातच गेला.

स्क्रीनच्या खाली ती वरखाली पळणारी रेघ कसली असते?

एका हॉलमध्ये कुंपणावरच्या मतदारांना बसवतात, हातात एक गोल बटण देतात, आवडलं तर एका बाजूला फिरवा, नाही आवडलं तर दुसऱ्या. त्याची सरासरी म्हणजे ती रेघ, इंग्लंडमध्ये तिला वर्म म्हणतात, गांडूळ. बघायला मजा येते पण मी तिच्यावर कागद चिकटवतो, खरंच सांगतो. २०१० च्या ब्रिटनच्या डिबेट्सच्या वेळी रॉयल हॉलोवे आणि ब्रिस्टॉलच्या संशोधकांनी साधारण दीडशे लोकांना डिबेट दाखवली आणि खाली खोटी रेघ टाकली, काहींना एका नेत्याच्या बाजूने झुकलेली, काहींना दुसऱ्याच्या. ज्याच्या बाजूने रेघ खोटी वर नेली तोच जिंकला असं बघणाऱ्यांना वाटलं. मूठभर लोकांच्या बोटांची हालचाल आणि त्यावर घरी बसलेल्यांचं मत ठरतंय. आपल्याकडे नाटकात पहिल्या रांगेत आपलीच माणसं टाळ्या वाजवायला बसवतात, तो प्रकार.

रात्री एक वाटतं आणि सकाळी दुसरंच, असं होतं का?

होतं, आणि याचं सगळ्यात भारी उदाहरणही परराष्ट्र धोरणाच्याच डिबेटचं आहे. ६ ऑक्टोबर १९७६, सॅन फ्रान्सिस्को, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि समोर जिमी कार्टर. फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाहीये, आणि माझ्या कारकिर्दीत कधी असणारही नाही. प्रश्न विचारणारे न्यूयॉर्क टाइम्सचे मॅक्स फ्रँकेल एवढे चक्रावले की त्यांनी परत विचारलं, म्हणजे अहो तुम्हाला एक संधी देतोय, सुधारा. फोर्ड सुधारले नाहीत.

आता गंमत ऐका. त्याच रात्री फोन करून विचारलं तर फोर्ड जिंकले म्हणणारे जास्त निघाले. सामान्य माणसाला ती चूक वाटलीच नव्हती, पूर्व युरोपचं काय ते काय. दुसऱ्या दिवशी पेपर आणि टीव्ही दिवसभर त्या एका वाक्यावर तुटून पडले आणि संध्याकाळपर्यंत आकडे पार उलटे, कार्टर प्रचंड पुढे. डिबेट तीच, बघणारे तसेच, मधे फक्त एक दिवस गेला. फोर्डना चूक कबूल करायला काही दिवस लागले आणि तोपर्यंत पोलंड, हंगेरी, झेकोस्लोव्हाकियातून आलेल्या कुटुंबांची नाराजी ओढवून झाली होती.

त्यामुळे कुणी मला डिबेट संपल्या संपल्या विचारलं "कोण जिंकलं रे", तर मी सांगतो उद्या रात्री फोन कर.

पण रशियाबद्दल शेवटी रॉम्नीच बरोबर निघाले ना?

हा प्रश्न २०१४ पासून येतोय आणि २०२२ नंतर तर आठवड्याला एकदा यायचा. नीट सांगतो.

मार्च २०१२ मध्ये दक्षिण कोरियात सोलला ओबामा रशियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव्ह यांना म्हणाले की इलेक्शननंतर माझ्याकडे जास्त लवचिकता असेल, आणि माइक चालू राहिला होता. त्यावर रॉम्नी सीएनएनवर म्हणाले की रशिया हा आपला एक नंबरचा भूराजकीय शत्रू आहे. बोका रॅटनला ओबामांनी तेच काढलं आणि टोमणा मारला की १९८० चं दशक फोन करतंय, त्यांचं परराष्ट्र धोरण परत मागतंय, शीतयुद्ध संपून २० वर्षं झाली. आम्ही हसलो. मी हसलो, रूममेट हसला, बाबा साताऱ्यात हसले, ज्यांनी आयुष्यभर सोव्हिएत ट्रॅक्टर आणि मिगच्या गोष्टी सांगितल्या ते बाबा. रॉम्नींनी उत्तर दिलं की रशिया किंवा पुतिन यांच्याकडे मी गुलाबी चष्म्यातून बघणार नाही, पण हसण्यात ते बुडालं.

मग २०१४ ला रशियाने क्रिमिया घेतला, आणि फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर पूर्ण हल्ला. तीच क्लिप, तेच हसू, पण आता तिच्यावर लोक लिहितात "बघा". मॅडलिन ऑलब्राइट, डेमोक्रॅट, माजी परराष्ट्रमंत्री, यांनी २०१९ मध्ये संसदेच्या समितीसमोर सांगितलं की मी रॉम्नींची माफी मागायला हवी. हे करायला मोठं मन लागतं, आपल्याकडे कुणी वरातीमागून का होईना घोडं आणतं का बघा.

पण क्लिपमध्ये एक गोष्ट कापलेली असते. रॉम्नींनी त्याच उत्तरात सांगितलं होतं की भूराजकीय शत्रू रशिया, पण सुरक्षेला सगळ्यात मोठा धोका अण्वस्त्रधारी इराण. आणि त्यांचा उपाय काय होता? जास्त जहाजं, जास्त पैसे. पुतिन यांना क्रिमियात जहाजं मोजून थांबवता आलं असतं का यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मी एवढंच म्हणतो की रॉम्नींनी माणूस बरोबर ओळखला, आणि आम्ही ज्यावर हसलो ते हसण्यासारखं नव्हतं. दहा वर्षांनी मी ती क्लिप बाबांना परत दाखवली. ते आधी काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आवाज वाढव, त्या दुसऱ्याचं ऐकू दे."

भारताबद्दल काय बोलले?

जे विषय ठरले होते त्यात अफगाणिस्तान-पाकिस्तान होतं, इस्रायल-इराण होतं, चीन होता. भारत यादीत नव्हता. आमच्याकडे यावरून दोन तट पडले, एक म्हणे अपमान, दुसरा म्हणे बरंय, ज्याचं नाव या डिबेटमध्ये येतं त्याचं काही खरं नसतं. मी दुसऱ्यात.

पाकिस्तानवर मात्र दोघांचं ऐकून इकडच्यांचा हिरमोड झाला. रॉम्नी म्हणाले की ज्या देशाकडे शंभर अण्वस्त्रं आहेत त्याच्याशी घटस्फोट घ्यायची ही वेळ नाही.

बाकीच्या जगाला कोण हवं होतं?

ओबामा, आणि भरघोस. बीबीसीने त्याच महिन्यात २१ देशांतला सर्व्हे दिला होता, सरासरी ५० टक्के ओबामा, ९ टक्के रॉम्नी. एकट्या पाकिस्तानात रॉम्नींना जास्त पसंती होती. ड्रोन कुणाच्या डोक्यावर फिरत होते ते बघितलं की कोडं सुटतं, फक्त त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं की ड्रोनच्या बाबतीत रॉम्नीही मम म्हणणार आहेत.

परराष्ट्र धोरणाच्या डिबेटमध्ये शाळा आणि मोटारी कुठून आल्या?

कारण ओहायो, तेही स्विंग स्टेट. दोघांनाही माहीत होतं की आफ्रिकेतल्या माली देशाच्या वाळवंटावर ओहायोत मत पडत नाही, मोटारीच्या कारखान्यावर पडतं. त्यामुळे चीनवरून गाडी डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांना सरकारने पैसे देऊन वाचवलं त्या बेलआउटवर, तिथून शिक्षणावर. रॉम्नी म्हणाले मला शिक्षक आवडतात. तेव्हा शीफर म्हणाले, "मला वाटतं शिक्षक आपल्या सगळ्यांनाच आवडतात," आणि विषय बंद. माझ्या दृष्टीने त्या रात्रीचा बेस्ट जोक हा होता, पण याचं मीम झालं नाही. आमच्या आत्या निवृत्त शिक्षिका, त्यांना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, "आवडतात म्हणे. पगार कोण वाढवतोय ते विचार."

एखादी ढोबळ चूक?

रॉम्नी म्हणाले की सीरिया हा इराणचा समुद्राकडे जायचा रस्ता आहे. इराणला स्वतःचा भलामोठा समुद्रकिनारा आहे, आणि इराण आणि सीरियाच्या मधे अख्खा इराक आहे. भूगोलवाल्यांनी रात्रभर नकाशे टाकले. त्यांना भूमध्य समुद्र म्हणायचं असणार, पण म्हणाले नाहीत.

सगळ्यात जास्त काय राहून गेलं?

हवामानबदल. तिन्ही डिबेट्समध्ये एकदाही शब्द नाही, १९८८ नंतर हे पहिल्यांदा झालं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. आणि बरोब्बर एका आठवड्याने, २९ ऑक्टोबरला, सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळलं. आमच्याकडे सहा दिवस लाइट नव्हते. पेट्रोलला गाड्यांच्या नंबराप्रमाणे सम-विषम, रांगेत तीन तास, फ्रीजमधलं सगळं फेकलं, मेणबत्तीच्या उजेडात मॅगी. त्या रांगेत घोडे, संगिनी, पुतिन कुणाच्याही तोंडात नव्हतं.

आणि निकाल?

६ नोव्हेंबरला इलेक्टोरल मतं (राज्याराज्यांच्या वाट्याची, ज्यांवर निकाल ठरतो ती) ओबामा ३३२, रॉम्नी २०६.

आता बघायची असेल तर कशी बघू?

पूर्ण दीड तास, क्लिपा नाहीत. आधी पंधरा मिनिटं आवाज बंद करून बघा आणि कोण जिंकतंय ते कागदावर लिहा. मग डोळे मिटून फक्त ऐका, परत लिहा. माझी दोन उत्तरं वेगळी आली होती. खाली रेघ दिसत असेल तर कागद चिकटवा. आणि शिक्षकांनंतर कंटाळा आला तरी बंद करू नका, कारण अगदी शेवटी शीफर आपल्या आईचं एक वाक्य सांगतात, की जा, मत देऊन ये, मोठं आणि ताकदवान झाल्यासारखं वाटतं. मी तेव्हा एच-वन व्हिसावर होतो, मला मत नव्हतं. रूममेटलाही नव्हतं. आम्ही टीव्ही बंद केला आणि भांडी कुणी घासायची यावर तिसऱ्यांदा वाद घातला, तो मी हरलो.